बाबांचं माप

बाबा शिंपी, पण त्यांचे स्वतःचे सगळे शर्ट गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे. अंगाला एक रंग, तर कॉलरला भलताच! आज मात्र स्वारीने चक्क स्वतःसाठी कोरं निळं कापड आणलं. टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि भराभर रेघा ओढायला सुरुवात केली.

शाळेतून आलेली लेक दारातूनच ओरडली, "थांबा, थांबा! बाबा, अहो हे खांदे माझे आहेत!"

बाबांनी जीभ चावली. "हात आपोआप तिकडेच वळतो बघ. तुझं माप तोंडपाठ आहे. माझं कुणाला ठाऊक? जेवढं कापड उरेल, तेवढा मी."

"हं, आता मुकाट्याने सरळ उभं राहायचं." लेकीने त्यांच्याच गळ्यातली टेप ओढून घेतली. खांदे झाले, बाही झाली. छातीपाशी मात्र गाडी अडली.

"बाबा, श्वास सोडा की! छाती फुगवलीत, माप जास्त येतंय."

"येऊ दे. तेवढंच धर." बाबा जागचे हलले नाहीत. "हा शर्ट घालून तुझ्या बक्षीस समारंभालाच यायचंय. तिथे ती अशीच फुगणार आहे."