सेल्मरच्या खिडकीसमोरची हरणं

"तुला मका टाकणं बंद कर म्हटलं होतं ना?" आर्डिसने बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचं गरम भांडं टेबलावर आपटलं. "परत आलीत बघ."

खिडकीबाहेर गुडघाभर बर्फात सात हरणं एकमेकांना ढुशा देत, तोंडं खाली घालून उभी होती.

"मी काय आमंत्रणं धाडली?" तिचा भाऊ सेल्मर खुर्चीतूनच म्हणाला. "लळा आहे त्यांना माझा."

"हो तर. पोतंभर मक्याचा लळा."

"बंदी आल्यापासून दाणा टाकलेला नाही मी."

"सांग त्या वनरक्षकाला. तो हसेल तरी."

सेल्मरची छाती लाकडाच्या गिरणीतल्या भुशाने कधीच निकामी केली होती. नाकात नळी आणि पलंगापासून खुर्चीपर्यंतचा प्रवास, एवढंच त्याचं जग. तरी म्हातारा पहाटे रांगत जाऊन मका टाकतो, असं सगळं गाव छातीठोकपणे सांगे. विस्कॉन्सिनच्या त्या उत्तरेकडच्या रानात हरणाबद्दलची कुठलीही थाप खपते. हरणाने चर्चमध्ये दान टाकलं म्हणालात, तरी लोक किती टाकलं तेवढंच विचारतील.

हरणांना दाणा टाकण्यावर बंदी आणण्यात आर्डिसचा हात मोठा. जिल्ह्यात लाळेतून पसरणाऱ्या झिजणीच्या रोगाचं पहिलं हरीण सापडलं तेव्हा भर सभेत ती उभी राहिली आणि सख्ख्या भावाकडे बोट दाखवून बोलली. रानात ज्याची त्याची फांदी असते, याच्या अंगणात मात्र सगळ्यांचं एकच ताट आणि त्यात सगळ्यांची लाळ, असं म्हणाली. रानातही ती एकमेकांची तोंडं चाटतातच, हा सेल्मरचा मुद्दा कुणी ऐकलाच नाही. खाली बसताना आर्डिसने डोळे पुसले, ते मात्र पुष्कळांनी पाहिलं.

"ती पुढची कोण, सांग बघू," सेल्मर म्हणाला.

"मला हरणांची नावं नकोत."

"पास्टरीणबाई. सगळ्यांच्या आधी जेवते आणि सगळ्यांच्या नंतर उठते."

आर्डिसला हसू आलं. ते लपवायला ती चमचे शोधू लागली.

नाताळपर्यंत सेल्मर भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. वसंत काही तो बघणार नाही, असं डॉक्टरने आर्डिसला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. आता तोच दाढी करून खिडकीशी बसत होता.

पास्टरीणबाई बुधवारी मेली. खिडकीसमोरच आधी तिचे पाय लटपटले, मग ती बसली आणि मान टाकली. शुक्रवारपर्यंत आणखी तीन गेली. वनरक्षक वेंडेल घसरगाडी घेऊन आला आणि तपासणीसाठी चारही ओढून घेऊन गेला. बर्फावर चार चर उरले.

सेल्मरने ताट सरकवून दिलं.

"माझंच कर्म," तो म्हणाला. "तो रोग मातीतसुद्धा राहतो म्हणे, वर्षानुवर्षं. एवढी वर्षं मी त्यांना एकाच जागी खाऊ घातलं. तू सांगत होतीस."

आर्डिस ताट उचलू लागली.

"बोल ना. सभेत तर बोललीस. तुझाच शब्द खरा झाला."

"कॉफी थंड होतेय," ती म्हणाली.

पुढचे दिवस त्याने खिडकीचा पडदा उघडू दिला नाही. वेंडेल परत आला तेव्हा सेल्मर पुन्हा भिंतीकडे वळला होता.

"सेल्मर, ऐका," वेंडेल टोपी हातात घेऊन म्हणाला. "रोग नाही. चारही स्वच्छ निघाली."

सेल्मर वळला. नळी सावरत, उशीला रेलून बसला. त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला.

"ऐकलंस, आर्डिस? रोग नाही."

आर्डिस मोरीशी पाठमोरी उभी होती. नळ सुरू होता.

"मग मेली कशाने?" सेल्मरने विचारलं.

वेंडेलने टोपी फिरवली. "मक्याने. हिवाळ्यात त्यांचं पोट काटक्या-सालींना सरावलेलं असतं. एकदम मका पडला की आत आंबतो, सगळं आम्ल होतं. भरल्या पोटी मेली ती. माया करणाऱ्याला हे कळत नाही."

"पण मी दाणा टाकलेला नाही, वेंडेल. देवाशपथ."

वेंडेलने नळीकडे पाहिलं, पलंगाखालच्या कोरड्या सपातांकडे पाहिलं. "माझा विश्वास आहे," तो हळूच म्हणाला.

"मग कुणी टाकला?"

आर्डिसने नळ बंद केला.

"थोडा थोडाच टाकायचे मी," ती न वळताच म्हणाली. "तू उठून बसायला लागला होतास."