वरच्या मजल्याचा गॅस

नागपूर एक्कावन्न अंशांवर तापलं होतं आणि हरदासांच्या एसीचा मीटर गॅस संपत आल्याचं बजावत होता. पाळण्यात आठ दिवसांची नात. नवा गॅस पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नव्हता. इमारतीतले सगळे एसी एकाच नळीला जोडलेले, त्यामुळे विरजण मागावं तसा शेजाऱ्याकडे गॅस मागता येई. पण तळमजल्यावरच्या फलकावर घरोघरच्या गॅसचे आकडे दिसत, त्यात देण्याइतका गॅस होता फक्त वरच्या ढबळेबाईंकडे, आणि त्यांच्या एसीचं पाणी गॅलरीत ठिबकतं म्हणून हरदासांनी सोसायटीच्या प्रत्येक सभेत भाषण ठोकलं होतं.

मागायला जीभ रेटेना. तेवढ्यात मीटर आपोआप चढू लागला.

हरदास धावत वर गेले. ढबळेबाई बंद एसीखाली पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

"बाई, मी मागितला नव्हता!"

"तुम्ही कसले मागता! खालच्या फलकावर तुमचा आकडा दिसला. घरात बाळंतीण, अन् तुम्ही आपले ताठ."

हरदासांनी दार उघडून धरलं. "खाली चला. तुमचाच गारवा आहे."

बाई आल्या, बाळाला मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "केवढं गार केलंय! पोरीला सर्दी करता का?"

हरदासांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं आणि निमूटपणे दोन अंश वाढवले.