खंडेनवमीचा कंबरपट्टा

जिजाबाईंनी तलवार पुसून पाटावर ठेवली आणि कंबरपट्टा मांडीवर घेतला. चामड्याला खोबरेल, पितळी बक्कलाला चिंच. बत्तीस वर्षं त्या हे करत होत्या आणि दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू देत नव्हत्या. अकरा वाजता भाऊबंद येणार होते. शस्त्रांची पूजा झाली की पट्ट्याची गोष्ट सांगायची, तीही जिजाबाईंनीच: घराण्याच्या मूळ पुरुषानं शत्रूच्या दांडग्या सरदाराला लोळवलं आणि त्याच्या कमरेचा हा पट्टा काढून आणला. अख्ख्या बडोद्यात नात्यागोत्यात असा पट्टा दुसऱ्या घरी नव्हता, आणि हे त्या कुणाला विसरूही देत नसत.

समोर सून मिताली झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बसली होती. सणाच्या दिवशी सुनेनं कागदात डोकं घालून बसावं, हे जिजाबाईंच्या ओठावर आलं होतं. पण विचारलं वेगळंच.

"काय आहे गं त्यात एवढं?"

"लॅटिनमधलं महाकाव्य, आईसाहेब. दोन हजार वर्षांपूर्वीचं. आणि हे त्यावरचं आजच्या विद्वानांचं भांडण. माझी पीएचडी त्याच्यावरच आहे."

"दोन हजार वर्षांत मिटलं नाही? म्हणजे आपल्या भाऊबंदांच्याही वरचे निघाले."

"भांडण शेवटावर आहे," मिताली म्हणाली. "नायक नवं राज्य उभारायला आलेला. शेवटच्या लढाईत शत्रू खाली पडतो, हात पसरतो, म्हणतो, माझ्या म्हाताऱ्या बापाकडे बघ. नायकाचा हात थांबतो. तेवढ्यात त्याला शत्रूच्या अंगावर एक पट्टा दिसतो. ओळखीचा. एका कोवळ्या पोराचा. त्याच्या बापानं नायकाच्या भरवशावर त्याला लढाईला धाडलेलं. त्याला मारून हा शत्रू तो पट्टा मिरवत असतो."

चिंच चोळणारा हात मंदावला. "मग?"

"मग नायक तलवार खुपसतो. संपलं."

"संपलं काय? राज्याभिषेक?"

"नाही."

"लग्नबिग्न तरी?"

"तेही नाही."

"मग पुढची पानं उंदरांनी खाल्ली असतील. अशी अर्ध्यात गोष्ट कोण सोडतं?"

मिताली हसली. "बहुतेक जण म्हणतात, कवीनं मुद्दामच तिथं थांबवली. आता एक पक्ष म्हणतो, मारलं ते बरोबरच, हे सगळं राज्याचं गुणगान आहे. दुसरा म्हणतो, कान देऊन ऐका, त्या गुणगानाच्या खाली कवी रडतोय."

"आणि तू कुणाच्या बाजूनं?"

"तेच ठरत नाहीये. सर म्हणतात, त्या पट्ट्याबद्दल तुमचं स्वतःचं काय ते लिहून आणा."

जिजाबाईंनी बक्कलावरची चिंच पुसून काढली. "तुझ्या त्या विद्वानांपैकी कुणी कधी पट्टा घासलाय का?"

"म्हणजे?"

पट्ट्याला सात भोकं होती. सहा आत्ताच पाडल्यासारखी नवी. फक्त सगळ्यात आतलं, पट्टा सगळ्यात जास्त आवळणारं सातवं ओढून ओढून लांबट झालं होतं आणि तिथं चामड्याला भेग पडली होती. बत्तीस वर्षं त्या भेगेत त्या बोटानं तेल जिरवत होत्या. नवी नवरी असताना सासूला एकदा त्या भोकाचं विचारलं होतं. चामडं आटतं, सासू म्हणाली होती. जिजाबाईंनी पुन्हा विचारलं नव्हतं.

"ऊठ. इकडे ये."

त्यांनी पट्टा मितालीच्या कमरेला घातला. मिताली म्हणजे काडी. तरी पाचव्या भोकाला पट्टा ताणला गेला.

"श्वास आत घे."

कसंबसं सहावं लागलं. सातवं तसंच राहिलं, दोन बोटं लांब.

मितालीनं खाली पाहिलं. "आईसाहेब, सरदार दांडगा होता ना?"

"माझी सासू म्हणायची."

"मग ज्याला सातवं भोक लागायचं, तो केवढासा असेल हो?"

जिजाबाईंनी पट्टा सोडवला. सातव्या भोकाला पुन्हा एक बोट तेल लावलं, आणि बेल वाजली.

"जय अंबे, वहिनीसाहेब," म्हणत चुलतदीर सुभानराव आत आले. मागून आणखी चार जण. मुलगा रणवीर वाघोडियाच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता. त्यानं शस्त्रांना झेंडू वाहिला, जिजाबाईंनी पट्टा तलवारीवर ठेवला, आरती झाली. बाहेर सोसायटीत गरब्याचा माइकवाला हॅलो हॅलो करत होता. सुभानराव मांडी ठोकून बसले.

"चला, होऊन जाऊ द्या. त्याशिवाय तुमचा पेढा गोड लागत नाही."

जिजाबाईंनी पदर सारखा केला. आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला. नदी आली, धुरळा आला, घोडी आली. मूळ पुरुषानं शत्रूला घोड्यावरून खाली ओढलं, तलवार उगारली. "आणि त्या..."

दरसाल इथं दांडगा सरदार यायचा. जिजाबाईंची नजर पट्ट्यावर गेली. दारात मिताली पेढ्यांचं ताट घेऊन थबकली होती.

"आणि त्यानं हात जोडले," जिजाबाई म्हणाल्या.

सुभानरावांनी रणवीरकडे पाहिलं. रणवीरनं आईकडे.

"हात जोडले? हे काही आम्ही ऐकलं नव्हतं. बरं, पुढे?"

"पुढे नाही. इथंच संपते."

मितालीनं पुढे आणलेल्या ताटाकडे सुभानरावांचा हात गेला होता, तो तसाच राहिला. जिजाबाईंनी पट्टा तलवारीवरून उचलून बाजूला वेगळा ठेवला, आणि ताटातला पहिला पेढा पट्ट्यापुढे ठेवला.