डावी पेटी

"डावी पेटी फाटतेय," ती म्हणाली आणि तिने गाणं बंद केलं.

"फाटणारच. भंगारात देऊन टाक म्हटलं ना तुला," खाटेवरून बाबा म्हणाले. "उगाच उकरत बसू नकोस."

घराला रंग द्यायचा होता, म्हणून कपाटामागच्या स्पीकरच्या दोन्ही पेट्या बाहेर निघाल्या होत्या. बावीस वर्षं त्यांच्यावर चादर होती. स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईच्या घरात वाजत काहीच नाही, असा टोमणा शेजारीण अधूनमधून मारायची. ती हसून वेळ मारून न्यायची.

तिने उजव्या-डाव्या वायरींची अदलाबदल केली. बिघाड अँप्लिफायरमध्ये असता, तर वायरीबरोबर तो उजवीकडे गेला असता. गेला नाही. गायिकेचा स्वर खाली उतरला की डावीकडूनच चिरका, फाटका आवाज यायचा. तिने जाळी काढली आणि दोन्ही अंगठ्यांनी स्पीकरचा कागदी पडदा हलकेच आत दाबला. आतली तारेच्या वेटोळ्याची कॉइल खरखरत घासली.

तिचे हात थांबले. हा आवाज तिने आधी ऐकला होता.

एकोणिसाव्या वाढदिवशी तिने आपलं गाणं टेप केलं होतं. दुसऱ्या शहरातल्या संगीत विद्यालयाने प्रवेशासाठी ते मागवलं होतं. बाबांनी याच डाव्या पेटीवर ते लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. "खालच्या सुरात आवाज फाटतोय गं तुझा. तिथे लोक हसतील." बाबांचा कान गावभर नावाजलेला. त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने स्वतःच्या हाताने कॅसेट कचऱ्यात टाकली आणि पुढच्या सोमवारी बाबांच्या दुकानात जाऊन बसली. बाबांच्या हातांना तेव्हाच कंप सुटला होता, बारीक तार जोडणं जमत नव्हतं. दादा भांडून घर सोडून गेला होता. दुकानाला कुणीतरी हवंच होतं.

बाबांनी शिकवलं मात्र जीव ओतून. पहिला धडा आजोबांपासून चालत आलेला. पेटी उघडली की आतल्या फळीवर तारीख आणि केलेलं काम लिहायचं. "गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सांग. आत खोटं लिहायचं नाही. ते पुढच्या कारागिरासाठी असतं."

"बाबा," ती वळली. "माझा आवाज फाटत नव्हता. पेटी फाटत होती."

बाबांनी धोतराचा काठ सारखा केला.

"तेव्हाही हाच बिघाड होता ना?"

"असेल. मला काय माहीत? लोकांच्या पेट्या उघडता उघडता घरची बघायला सवड कुठे होती? चुकलं माझं. माणूस चुकतो."

तिला ओरडावंसं वाटलं. बावीस वर्षं ती न्हाणीघरातसुद्धा गुणगुणली नव्हती. आपल्या गळ्याची तिला लाज वाटत आली होती, आणि गळ्याचा काही दोषच नव्हता. पण खापर फोडणार कुणावर? समोर म्हातारा बाप बसला होता, थरथरणारे हात मांडीवर ठेवून. ती आत गेली, चहा करून आणला आणि कप त्यांच्या हातात नीट धरवला.

"जाऊ दे, बाबा. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

बाबांनी कप तोंडाला लावला. "आता तरी दे ती भंगारात."

"नवा स्पीकर बसवते. वाजू दे घरात काहीतरी."

"नको म्हटलं ना!" चहा त्यांच्या धोतरावर सांडला.

तिला त्यांची कीव आली. एवढ्या वर्षांनी, या वयात चूक कबूल करायची म्हणजे जिवावर येणारच. तिने फडक्याने धोतर पुसलं आणि परत पेटीपाशी बसली. चार स्क्रू सोडवले, स्पीकर बाहेर काढला. कामाची नोंद करायला कानावरची पेन्सिल घेतली आणि टॉर्चचा उजेड आत टाकला.

फळीवर आधीच एक ओळ होती, कंप सुटलेल्या हाताची. तारीख तिच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची.

'चांगला स्पीकर काढला. कॉइल घासणारा बसवला.'