चाळीस फोटोंचा एक फोटो

“अक्का, एकदा बघ तरी,” अरुणकुमारनं हात जोडले.

कामाक्षीनं तोंड फिरवलं. नवऱ्याचं तेरावं कालच झालं होतं, आणि इतक्या दिवसांत ती सख्ख्या भावाशी अवाक्षर बोलली नव्हती.

बोलणार तरी कशी? साऱ्या कुंभकोणमच्या मोबाइलवर तो फोटो फिरत होता. तिरुनीलक्कुडीचं मोकळं शिवार, काळंकुट्ट आभाळ, माडावर कोसळलेली वीज, आणि माडाखाली पांढरी वेष्टी नेसलेला, आडवा पडलेला तिचा नवरा व्यंकोजी. फोटो काढणारा कोण, तर त्याचाच मेहुणा! भावोजी मरत होता आणि हा बटण दाबत होता, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. वीज फोटोतच दिसत होती, तेव्हा मरणाबद्दल कुणी दुसरं काही विचारलंही नाही. कामाक्षी त्या संध्याकाळी शिवारापासून जवळच, गोविंदपुरमला भजनाला गेली होती. निरोप तिला तिथंच मिळाला.

वादळांमागे धावायचं वेड अरुणला कॉलेजपासूनचं. पण हा आळ त्याला सोसवेना. आई गेल्यावर याच अक्कानं त्याला घास भरवले होते. तिनंच तोंड फिरवलं तर त्यानं जावं कुठं?

“अण्णा, तुम्ही तरी ऐका,” तो वडिलांकडे, मुकुंदरावांकडे वळला. “हा एका क्षणाचा फोटो नव्हेच. कॅमेरा स्टँडवर होता, दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढत होता. मी पावसात गाडीत बसलेलो. घरी येऊन चाळीस फोटो एकावर एक चढवले. सॉफ्टवेअर प्रत्येकातलं उजळ तेवढं ठेवतं, काळं पुसून टाकतं. म्हणून सगळ्या विजा एकत्र दिसतात. खालचं ते पांढरं म्हणजे भावोजी, हे मला फोटो सगळ्यांना पाठवल्यावर कळलं हो! खरं काय झालं ते सुट्या फोटोंत असेल. उघडायची माझी छातीच झाली नाही.”

“नको उघडू,” कामाक्षी म्हणाली.

अक्का बोलली! अरुणचे डोळे भरून आले.

“गेलेला माणूस परत येतो का?” तिचा आवाज मऊ होता. “मी तुला माफ केलं. पुसून टाक सगळं.”

“उघड,” मुकुंदराव म्हणाले. “माझ्या पोरावरचा डाग जाऊ दे.”

अरुणनं लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. विजेच्या आधीचा फोटो. माडाखाली कुणी नाही, बाजूच्या पंपघराचं दार बंद. मग विजेचा फोटो. माडाचा शेंडा पेटलेला, खाली चिटपाखरूसुद्धा नाही.

“बघितलंत? कुणी नव्हतंच तिथं!” त्याला रडू फुटलं. किती दिवसांनी त्यानं मोकळा श्वास घेतला.

“मग व्यंकोजी आला केव्हा?” मुकुंदरावांनी विचारलं.

अरुण एकेक फोटो पुढं सरकवू लागला. आठ फोटो तसेच गेले. नवव्यात पंपघराचं दार उघडं दिसलं. अकराव्यात गडद साडीतली कामाक्षी वाकून, नवऱ्याचे दोन्ही पाय धरून, त्याला त्या जळत्या माडाकडे ओढत होती.