माजोकचं शिंग

भिंतीवर नऊ बैल होते. शिंगं सतरा, आणि एक खुंट. निर्वासितांच्या छावणीत गुरं पाळायला बंदी आहे, म्हणून अगुएरने ती आतल्या मातीच्या भिंतीवर अ‍ॅक्रिलिकने रंगवली होती, गावाकडची एकेक आठवून.

खुंट माजोकचा. माजोक म्हणजे अगुएरच्या थोरल्या भावाचा, थोनचा, काळापांढरा बैल. डावं शिंग वाढताना पुढे वळावं म्हणून थोनने ते तिरकं छाटलं, आणि त्याच रात्री गावावर हल्ला झाला. थोन बैलाला घेऊन उंच गवतात शिरला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. अगुएरने शेवटचं पाहिलं तसंच शिंग काढलं, पट्टी लावून, नऊ सेंटिमीटर. रंगवताना एक तांबडी मुंगी शिंगाच्या बुडाशी, अगदी डोक्याला लागून, ओल्या रंगात अडकली. काढेपर्यंत रंग वाळला. राहू दे म्हणाला.

आज कुओलकाका निर्णय घ्यायला आले होते.

"थोनसाठी ठरलेल्या मुलीचा बाप उत्तर मागतोय. थोन गेला असं मी चारचौघांत सांगतो. मग आपल्या रीतीप्रमाणे अगुएरने त्याच्या नावाने ती बायको करायची. पोरं थोनची म्हणवतील. नाव तरी राहील."

आई ज्वारी पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

"माजोकला टाकून थोन मरायचा नाही. आणि माजोक जिवंत आहे. शिंग बघा."

"वहिनी, भिंतीवरचा बैल कधी वैरण मागतो का?"

"मागितली असती तर पहिले तुम्हीच पळाला असता."

काका हसले. अगुएर हसला नाही. त्याने पट्टी आणली आणि खुंटाला लावली. साडेअकरा. पुन्हा लावली. साडेअकराच.

"आई, तू हात लावलास?"

"मला तुझा तो कुंचला धरता तरी येतो का?"

कुंचला वाळून काडीसारखा झाला होता. पांढऱ्या रंगाची ट्यूब तर त्याने स्वतःच पिळून टाकून दिली होती.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले, भिंतीशी वाकले.

"टोकाला राख फासलीय, दुसरं काय! वहिनी, फसवायचं तर आधी एखाद्या गुराख्याला विचारायचंत. शिंग टोकाला वाढतं का कधी? ते बुडातून वाढतं, डोक्यातून बाहेर सरकतं." त्यांचा आवाज मऊ झाला. "माझाही पुतण्याच होता तो. पण किती वाट बघायची? जातो मी. सांगतो त्यांना, गेला म्हणून."

त्यांनी दारात एक चप्पल पायात सरकवली.

आईचं सूप थांबलं.

अगुएर अजून भिंतीजवळच होता. त्याने शिंगाच्या बुडाशी बोट फिरवलं. तिथे रंग गुळगुळीत होता. मग बोट हळूहळू शिंगावरून पुढे नेलं, आणि ते मधेच कशाला तरी अडलं.

"काका, थांबा."

"आता काय?"

त्याने पट्टीचं शून्य माजोकच्या डोक्याला टेकवलं.

मुंगी अडीच सेंटिमीटरवर होती.