अनुक्रमांक एक

"झालंय तुमचं मत देऊन, बाबा. ऑनलाइन. बटण तुम्हीच दाबलंत की," प्रतीक लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला.

श्यामकांत बेसिनपाशी हात घासत होते. तिसऱ्यांदा साबण लावला, तरी बोटांवरचे काळे डाग हटायला तयार नव्हते.

"ते तुझ्या न्यूज वेबसाइटचं बटण. 'देशाचा कौल' म्हणे! दहादा दाबलं की दहा मतं. अमेरिकेत बसलेलं पोरगंही दाबतंय. त्याला मतदान म्हणतात?"

"चार लाख लोकांनी दाबलंय, यार. अख्ख्या देशाचा आकडा आहे."

"देश बूथवर मोजतात. तुझ्या ऑफिसात नाही."

प्रतीकनं लॅपटॉप मिटला आणि विषय सोडून दिला. एरवी वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही.

"अहो, सालटी निघतील!" अलका स्वयंपाकघरातून ओरडली. "केळफुलाचे डाग आहेत ते. काल हाताला तेल न लावता निवडायला बसलात. जातील चार दिवसांनी."

केळफूल निवडल्याचं श्यामकांतना आठवेना. पण दुपारी ताटात भाजी होती, म्हणजे निवडलं असणार. त्यांनी नळ बंद केला.

भाजी विसरली तर विसरली. निवडणुका ते विसरले नव्हते. केंद्र सरकारची चौतीस वर्षं नोकरी, आणि त्यात प्रत्येक निवडणुकीची ड्यूटी. शाळेच्या बाकांवर झोपायचं, पहाटे उठून पेट्यांना लाख लावायची. हजारो लोकांच्या बोटांना त्यांनी शाई लावली असेल. नवा कारकून आला की त्याचा हात धरून शिकवायचे : शाई नखाच्या मुळाशी उतरली पाहिजे, नाहीतर माणूस संध्याकाळी परत येतो.

आणि स्वतःचं मत? एकही नाही. ड्यूटीवरच्या माणसाची मतपत्रिका पोस्टानं यायची, आणि राजधानीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती पोचायची मोजणी संपल्यावर. रिटायर होऊन इंदिरापुरमच्या या फ्लॅटमध्ये आले, तर यादीत नाव लागायला नऊ वर्षं. बिल्डरला तुम्ही सापडता, बँकेला सापडता, क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरीला तर जेवताना सापडता. मतदार यादीला तेवढे सापडत नाही!

या वर्षी नाव लागलं. एकोणसत्तराव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं मत. "रांगेत पहिला मीच," हे महिनाभर ऐकून घरातल्यांचे कान किटले होते. पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावून ठेवला होता.

ते कपाटाशी गेले. हँगर रिकामा.

शर्ट बाथरूमच्या बादलीत भिजत पडला होता.

मतदार ओळखपत्र खणात नव्हतं. श्यामकांतनी बाकीचे खण उपसले. मग प्रतीकची ऑफिसची बॅग उघडली. बाजूच्या कप्प्यात ओळखपत्र होतं.

पोटच्या पोरानं चोरून ठेवलं होतं. का? घड्याळात तीन वाजले होते. सकाळ कुठं गेली, तेही त्यांना कळेना. प्रतीक बाल्कनीत फोनवर बोलत होता. श्यामकांतनी चपला हातात घेतल्या आणि अंगातल्या मळक्या सदऱ्यानिशी जिना उतरले.

बूथ समोरच्या शाळेत होतं. उन्हानं रांग पळवली होती. दारातला शिपाई हसला, "अरे, बाबूजी!"

ओळख ना पाळख, काय हसतोय? ते आत शिरले.

यादीवाल्या माणसानं ओळखपत्र पाहिलं, मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या केंद्रप्रमुख बाईंकडे पाहिलं. शेजारी शाईवाल्याची खुर्ची रिकामी होती. तो मागच्या खोलीत जेवायला गेला होता.

बाई हळूच म्हणाल्या, "आपका वोट तो पड़ चुका है, बाबूजी."

"किसने डाला? रजिस्टर दिखाइए!"

"आप बैठिए. पानी पीजिए."

"पानी नहीं, रजिस्टर!"

बाईंनी रजिस्टर फिरवलं. पहिलंच पान, अनुक्रमांक एक. समोर मराठीत सही, 'श्यामकांत', आणि शेवटच्या अक्षराला गळासारखा मागे वळवलेला आकडा. त्यांचाच आकडा. तो हुबेहूब काढणारा जगात एकच माणूस होता. सातवीत त्यानं प्रगतिपुस्तकावर काढला होता.

श्यामकांतनी रजिस्टर बाईंकडे परत सरकवलं.

"मुझे टेंडर्ड वोट दीजिए," ते टेबल धरून म्हणाले. "नियम है."

नियम होताच. तुमच्या नावावर दुसरा कुणी मत देऊन गेला, तर खऱ्या माणसाला एक कागद देतात, तो लिफाफ्यात घालतात. तो लिफाफा मोजत नाहीत. श्यामकांतनी स्वतः असले लिफाफे भरले होते, आणि फसलेल्या माणसांना वर सांगितलं होतं, हो गया आपका वोट. प्रतीकच्या बटणासारखंच. नुसतं समाधान.

प्रतीक धापा टाकत आत आला. पायांत दोन वेगळ्या चपला.

"बाबा, घरी चला ना."

"तू बोलूच नकोस! सातवीत प्रगतिपुस्तकावर केलीस, आज इथं? माझं पहिलं मत होतं रे ते!"

प्रतीकनं सहीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हो, बाबा. मीच केली सही. चुकलं माझं," तो म्हणाला. मग बाईंकडे वळून, "मैडम, दे दीजिए ना वो कागज़. प्लीज़."

बाईंनी ड्रॉवर उघडला. तेवढ्यात शाईवाला पोरगेला कारकून रुमालाला हात पुसत मागच्या खोलीतून आला आणि खुर्चीत बसला. श्यामकांतनी डावा हात टेबलावर ठेवला, तर्जनी पुढे केली.

कारकुनानं बाटली उघडली, बोटावर वाकला आणि नखावरचा काळा डाग पाहून थांबला. मग मान वर करून ओळखीचं हसला.

"क्या बाबूजी, सुबह आप ही ने तो मेरा हाथ पकड़कर सिखाया था, स्याही नाखून की जड़ में उतरनी चाहिए."